यंत्राला सांगावयाचीं चार वाक्यें

यंत्राचा इतिहास सांगतांना तें कोणीं शोधून काढलें, कोठें व केव्हां, एवढें सांगून आपण बहुधा थांबतों. परंतु प्रत्येक यंत्राला दुसराहि एक इतिहास असतो. तें सामान्य माणसाच्या हातांत केव्हां आलें, त्यानें तें कसें हाताळलें आणि त्या हाताळण्यानें त्याच्या बुद्धीला कोणतें वळण लागलें, हा तो दुसरा इतिहास होय. सातारा-सांगलीकडील श्रोत्यांना ह्याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर आपला कारखाना आणला, त्याच्या अगोदरच त्यांचा लोखंडी नांगर तयार झालेला होता. परंतु लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं. नांगर तयार होणें ही एक गोष्ट, आणि तो कुणब्याला आपलासा वाटणें ही दुसरी. इतिहास लिहिणाराला दोहोंचीहि दखल घ्यावी लागते.

आज ज्या अवजाराविषयीं बोलावयाचें योजिलें आहे, तें नांगराहून फार निराळें आहे. १९८० नंतरच्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील घराघरांतून आणि आपल्याकडील कांहीं शाळांतून व थोड्या हौशी घरांतून जो लहान संगणक शिरला तो, आणि त्याला काम सांगण्याची बेसिक नांवाची भाषा, हा आजचा विषय. ह्या भाषेंतलीं साधीं वाक्यें कशीं होतीं, तीं शिकणाराला काय मिळालें, आणि तीं विस्मरणांत गेल्यानें आपण काय गमावण्याचा संभव आहे, एवढेंच आपण पाहूं.

ह्या भाषेचा जन्म अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्यांतल्या डार्टमथ कॉलेजांत झाला. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे तेथील दोन गणिताचे प्राध्यापक. केमेनी मूळचे हंगेरींतील बुडापेस्टचे, आणि तरुणपणीं त्यांनीं आइन्स्टाइन ह्यांचे गणितांतील सहायक म्हणून काम केलेलें होतें. त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलें महागडें यंत्र. काम सांगणारानें आपलें काम भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नोंदवावें, तो गठ्ठा यंत्रावरील माणसाच्या स्वाधीन करावा आणि उत्तरासाठीं तासन् तास वाट पाहावी. एखादा स्वल्पविराम चुकला तर सारा प्रकार पुन्हां पहिल्यापासून. साहजिकच गणिती व इंजिनिअर ह्यांखेरीज फारसें कोणी त्या वाटेला जात नसे. केमेनी व कर्ट्झ ह्यांचें म्हणणें असें कीं, उद्यां राज्यकारभार व व्यापार चालविणारे लोक आज बहुतेक साहित्य, इतिहास असेच विषय शिकत आहेत. हें यंत्र त्यांना कळलें नाहीं, तर त्याविषयींचे निर्णय ते आंधळेपणानें घेतील. म्हणून त्यांनीं दोन योजना केल्या. यंत्राचा वेळ अनेकांना थोडा थोडा वांटून द्यावयाचा, म्हणजे प्रत्येकाला तें जणूं आपल्या एकट्याच्या सेवेंत आहे असें वाटेल, ही एक. आणि थोड्या साध्या इंग्रजी शब्दांची लहानशी भाषा तयार करावयाची, ही दुसरी. १ मे १९६४ रोजीं पहाटे चारच्या सुमारास ह्या भाषेंत सांगितलेलें काम त्या यंत्रानें प्रथम करून दाखविलें. 'बिगिनर्स ऑल-पर्पज सिम्बॉलिक इन्स्ट्रक्शन कोड' ह्या लांबलचक नांवाचीं आद्याक्षरें घेऊन तिला बेसिक म्हणूं लागले. नवशिक्यांची, पण सर्व कामांस चालणारी भाषा, असा त्या नांवाचा आशय आहे.

पुढें संगणक खोलींतून मेजावर आला, तेव्हां हीच भाषा त्याच्या पोटांत कायमची बसवून देण्याची वहिवाट पडली. ब्रिटनमध्यें बीबीसी ह्या नभोवाणी-संस्थेनें लोकांना संगणक शिकविण्याची मोहीम काढली आणि तिच्यासाठीं एकॉर्न कंपनीनें बनविलेलें यंत्र डिसेंबर १९८१ मध्यें बीबीसीच्याच नांवानें बाहेर पडलें. पुढें भारत सरकारनें आपल्या 'क्लास' ह्या शालेय योजनेसाठीं त्याच यंत्राची निवड केली. १९८४-८५ सालीं सुरू झालेल्या ह्या योजनेंत आरंभीं देशांतील २५० शाळा घेतलेल्या होत्या. दुसरें यंत्र क्लाइव्ह सिंक्लेअर ह्यांच्या कंपनीचें स्पेक्ट्रम. तें एप्रिल १९८२ मध्यें निघालें. ४८ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत ब्रिटनमध्यें आरंभीं १७५ पौंड होती. त्याचीच सुधारलेली आवृत्ति १९८६ सालीं पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीनें रीतसर परवान्यानें भारतांत विकावयास आणली. पुण्याहून सातारा सुमारें ११० किलोमीटर, आणि साताऱ्याहून सांगली जवळजवळ तितकीच पुढें. म्हणजे एस्टीच्या एका प्रवासांत गांठतां येईल अशा शहराच्या नांवानें घरगुती संगणक मिळूं लागला.

तो काळहि ह्या मुलखांत विद्येच्या एका नव्या लाटेचा होता. सांगलीचें वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आणि कराडचें सरकारी महाविद्यालय १९६० पासून चालूं होतेंच. १९८३ सालीं, सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतांना, राज्यांत विनाअनुदान खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच सालीं वाळवें तालुक्यांत साखराळें येथें असें एक महाविद्यालय निघालें. १९८४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें नवें संगणक-धोरण जाहीर करून आयातीवरील बंधनें सैल केलीं. ऊस, हळद व द्राक्षें पिकविणाऱ्या ह्या दोन जिल्ह्यांत संगणक हा शब्द शिक्षणाच्या व नोकरीच्या बोलण्यांत शिरला, तो अशा परिस्थितींत.

आतां यंत्राकडे वळूं. स्पेक्ट्रम दिसण्यांत अगदीं साधें होतें. कळा बसविलेली एक लहान चपटी पेटी. पडदा म्हणून घरचाच दूरचित्रवाणी-संच. आणि लिहिलेलें जपून ठेवण्यासाठीं गाण्यांची असते तसलीच कॅसेट. पडद्यावर एका ओळींत ३२ अक्षरें मावत आणि अशा ओळी २४. विजेचें बटण दाबलें कीं कंपनीचें नांव आणि १९८२ हें साल उमटे व यंत्र स्वस्थ बसे. पुढें एखादी कळ दाबली म्हणजे खालच्या ओळींत 'के' हें रोमन अक्षर लुकलुकूं लागे. यंत्र आपल्या आज्ञेची वाट पाहत आहे, हा त्याचा अर्थ. प्रत्येक कळेवर एक अख्खा शब्द छापलेला असे. ओळीच्या आरंभीं 'पी'ची कळ दाबली कीं प्रिंट हा संबंध शब्द उमटे, 'एल'ची दाबली कीं लेट, 'आय'ची दाबली कीं इनपुट. मराठी शाळेंतून आलेल्या मुलाला ह्यांत मोठी सवलत होती. इंग्रजी शब्दाचें स्पेलिंग चुकण्याची त्याला धास्तीच उरत नसे. कोणता शब्द केव्हां वापरावयाचा एवढेंच त्यानें ठरवावयाचें.

ह्या शब्दांनीं वाक्य कसें होतें, तें आपल्याकडील रोजच्या एका हिशेबावरून पाहूं. शेतकऱ्याचा ऊस कारखान्याच्या काट्यावर गेला. वजन ठरलें, दर ठरलेला आहे, रक्कम किती? यंत्रावर अक्षरें रोमन असत. येथें समजण्यास सोपें जावें म्हणून तीं नागरींत घेतों.

१० इनपुट व
२० इनपुट द
३० लेट र = व × द
४० प्रिंट र

'व' म्हणजे वजन, 'द' म्हणजे दर, 'र' म्हणजे रक्कम. रन ही आज्ञा दिली कीं यंत्र दहाव्या ओळीवर थांबतें व वजन विचारतें. विसाव्या ओळीवर दर विचारतें. तिसाव्या ओळीवर गुणाकार करून उत्तर 'र' ह्या नांवाखालीं ठेवतें. आणि चाळिसाव्या ओळीवर तें पडद्यावर मांडतें. वजन ४२ टन व दर समजा टनास २५० रुपये दिला, तर १०५०० हा आंकडा उमटतो. वाक्यें चारच, परंतु विचारणें, हिशेब करणें व सांगणें हीं कचेरींतल्या कारकुनाचीं तिन्ही कामें त्यांत येऊन गेलीं.

ओळींना १०, २०, ३० असे आंकडे कां, हा प्रश्न येथें सहजच सुचेल. मध्यें जागा राहावी म्हणून. समजा, तोडणी व वाहतूक ह्यांचा खर्च रकमेंतून वजा करावयाचा आहे, हें मागून लक्षांत आलें. तेव्हां आधींचें कांहीं न पुसतां '२५ इनपुट क' आणि '३५ लेट र = र − क' ह्या दोन ओळी शेवटीं लिहिल्या तरी चालतात; आंकड्यांप्रमाणें यंत्र त्यांना आपापल्या जागीं नेऊन बसवितें. माणसाला सगळें एकदम सुचत नाहीं, हें ह्या भाषेच्या कर्त्यांनीं गृहीत धरलेलें होतें, आणि शिकणाराच्या दृष्टीनें हा फार मोठा दिलासा होता.

ह्याच पस्तिसाव्या ओळींत एक विचार दडलेला आहे. 'र' बरोबर 'र' उणें 'क', हें बीजगणिताच्या मास्तरांना रुचणारें नाहीं. 'क' शून्य असल्याखेरीज असें समीकरण खरें होणारच नाहीं. परंतु लेट म्हणजे 'असो' किंवा 'ठेव'. जुन्या 'र'मधून 'क' वजा करून येईल तें पुन्हां 'र' ह्याच नांवाच्या खणांत ठेव, असा त्या वाक्याचा अर्थ. बरोबरीचें चिन्ह येथें सत्य सांगत नसून काम सांगतें. गणित व यंत्र ह्यांच्यामधला हा भेद एवढ्या थोडक्यांत दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें शिकवितां आला असता असें वाटत नाहीं.

फॉर आणि नेक्स्ट ह्या जोडीची गंमत आपल्या जुन्या पंतोजींनाहि आवडली असती. पावकी, निमकी, पाउणकी, सवाईकी, दिडकी, अडिचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे एके काळीं गांवोगांवच्या शाळांतून घोकले जात. '१० फॉर न = १ टू १०', '२० प्रिंट न, न × १.२५', '३० नेक्स्ट न' ह्या तीन ओळी लिहिल्या कीं सवाईकीचा पाढा पडद्यावर उतरतो. १.२५ च्या जागीं १.५ घातले कीं दिडकी, ३.५ घातले कीं औटकी. पाढा पाठ असणें निराळें आणि पाढा कसा उत्पन्न होतो हें दिसणें निराळें. सात पाढ्यांच्या मुळाशीं एकच सूत्र आहे, हें मुलाच्या ध्यानांत येतें तें हा एक आंकडा बदलतांना. शिवाय इफ आणि देन हे शब्द 'असें असेल तर तसें कर' म्हणून सांगण्यासाठीं, आणि गो टू हा सांगितलेल्या ओळीवर जाण्यासाठीं. एवढ्या सामग्रीवर पतपेढीच्या व्याजापासून शाळेच्या गुणपत्रकापर्यंत पुष्कळ हिशेब मांडतां येत.

यंत्राचा धाकहि मोठा चमत्कारिक होता. वाक्यरचना चुकली तर स्पेक्ट्रम ती ओळ घेतच नसे. जेथें चूक झाली तेथें लुकलुकणारें प्रश्नचिन्ह दाखवून थांबे. रचना बरोबर पण विचार अपुरा, असें झालें तर काम चालूं असतां थांबून कोणत्या ओळीवर काय अडलें तें सांगे. दर सांगण्याचें वाक्यच लिहावयाचें राहिलें, तर 'व्हेरिएबल नॉट फाउंड' असा शेरा व त्यापुढें तिसाव्या ओळीचा आंकडा. रागावणें नाहीं, चारचौघांत हंसें होणें नाहीं. चूक दुरुस्त होईपर्यंत तोच शेरा. आपल्याला हिशेब येतो अशी पुष्कळांची समजूत असते. तोच हिशेब कांहींच न समजणाऱ्या नोकराला पायरीपायरीनें सांगावा लागला, म्हणजे आपल्या समजुतींतलीं छिद्रें दिसूं लागतात. ह्या भाषेनें शिकविलेला मुख्य धडा हाच होय.

अडचणी अर्थात् होत्या. वीज गेली कीं लिहिलेलें सर्व नाहींसें होई. म्हणून सेव्ह ह्या आज्ञेनें तें कॅसेटवर उतरवून ठेवावें लागे. आणि लोड ह्या आज्ञेनें परत घेतांना मोठें काम असल्यास पांचेक मिनिटें त्या कर्कश सुरांचा शेवट होण्याची वाट पाहावी लागे. पण ते सूर होते म्हणूनच एक नवल घडूं शकलें. हॉलंडमधील एनओएस ह्या नभोवाणी-संस्थेनें आपल्या 'हॉबीस्कूप' कार्यक्रमांतून संगणकाचीं कामेंच सुरांच्या रूपानें प्रक्षेपित केलीं. श्रोत्यांनीं तीं कॅसेटवर टिपून आपापल्या यंत्रांत घालावयाचीं. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना समजेल अशी बेसिकोड नांवाची बेसिकची एक रीत त्यासाठीं ठरविलेली होती. नभोवाणीवरून माणसांशीं बोलतां बोलतां यंत्रांशींहि बोललें गेल्याचें हें उदाहरण आम्हां नभोवाणीच्या मंडळींना विशेष वाटल्यास नवल नाहीं.

भाषेचा प्रश्न मात्र इतका सहज सुटणारा नव्हता. आज्ञा इंग्रजी असल्या तरी त्या मोजक्या होत्या व कळांवर छापलेल्या होत्या. अडचण येई ती उत्तर मराठींत हवें असल्यास. स्पेक्ट्रममध्यें २१ अक्षरें आपल्या इच्छेप्रमाणें आंखून घेण्याची सोय होती. प्रत्येक अक्षराला आठ ओळी व प्रत्येक ओळींत आठ ठिपके. चौकटीच्या कागदावर अक्षर काढून ठिपका असेल तेथें १, नसेल तेथें ०, असे आंकडे यंत्राला द्यावयाचे. परंतु २१ घरांत आमची वर्णमाला कशी मावणार, आणि आठ ठिपक्यांच्या उंचींत शिरोरेषा, वेलांटी व उकार ह्यांना जागा कोठून मिळणार? एखाद्याला आपलें नांव काढतां आलें असतें. मजकूर लिहिणें शक्य नव्हतें. पुढें १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें काम तेथें नेटानें झालें. १९९१ सालीं भारतीय लिप्यांच्या संकेतांचें प्रमाणहि ठरलें. आज दूरध्वनीच्या पडद्यावर मराठी सहज उमटतें, त्यामागें ही वाटचाल आहे.

बेसिकला विद्वानांचा विरोधहि झाला, आणि तो सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा ह्यांनीं १९६८ सालींच गो टू ह्या आज्ञेवर कडक टीका केलेली होती. वाटेल तेथून वाटेल तेथें उडी मारण्याची मुभा असली कीं विचाराचा धागा तुटतो, आणि मोठें काम कोणालाच, प्रत्यक्ष लिहिणारालाहि, उलगडत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ. पुढें बेसिक आधीं शिकलेल्या विद्यार्थ्याला चांगलें वळण लावणें कठीण जातें, असेंहि त्यांनीं कठोरपणें म्हटलें. ह्यांत तथ्य आहे. शंभर ओळींच्या कामांत दहा ठिकाणीं उड्या असल्या तर तें काम वाचणें म्हणजे चक्रव्यूहांत शिरणें होय. तथापि केमेनी-कर्ट्झ ह्यांच्या डोळ्यांपुढें तज्ज्ञ नव्हता, सामान्य माणूस होता. ज्याला दहा ओळींपलीकडे कधीं जावयाचेंच नाहीं, त्याच्यापुढें शंभर ओळींची शिस्त ठेवून त्याला दारांतूनच परतवावें काय? माझ्या मतें बेसिकचें मोल तिच्यांत तयार झालेल्या मोठ्या कामांवरून न ठरवितां, तिनें किती लोकांची यंत्राविषयींची भीति घालविली ह्यावरून ठरवावें.

आणि ही भीति जाण्याची गरज पूर्वींपेक्षां आज अधिक आहे. उसाचें बिल, पतपेढीचें व्याज, सातबाऱ्याचा उतारा, परीक्षेचे गुण हीं सर्व आज संगणकांतून निघतात. खिडकीपाशीं गेलेल्या माणसाला पुष्कळदां एकच उत्तर मिळतें: 'संगणकांतच असें आहे.' ज्यानें वर सांगितलेल्या चार ओळी कधीं स्वतः लिहिल्या असतील, तो हें उत्तर दैववाणीसारखें ऐकून घेणार नाहीं. पडद्यावरील रकमेमागें कोणीतरी लिहिलेली तिसावी ओळ असते आणि कोणीतरी मागून घातलेली पस्तिसावी ओळ असते, हें त्याला ठाऊक असतें. म्हणून ती ओळ काय आहे व कोणीं घातली, हें तो विचारूं शकतो. यंत्र स्वतः कांहींच ठरवीत नाहीं. ठरविणारा माणूसच असतो, आणि माणसाला प्रश्न विचारतां येतो. सहकाराच्या बळावर उभ्या राहिलेल्या आणि सभासदाला हिशेब पाहण्याचा हक्क देणाऱ्या ह्या मुलखाला ह्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

शाळांतून बेसिक आतां जवळजवळ गेलेली आहे. तिच्या जागीं तिच्याहून सरस भाषा आल्या, हें योग्यच झालें. परंतु तेव्हांचें यंत्र सुरू होतांच आज्ञेसाठीं थांबून राही; आजचा दूरध्वनि सुरू होतांच चित्रांची रांग पुढें करतो, आणि त्यांतलें एक निवडणें एवढेंच काम आपल्याकडे उरतें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले गांवीं स्थापिलेली आणि १९२४ सालीं साताऱ्यास आणलेली रयत शिक्षण संस्था ज्या स्वावलंबनाच्या तत्त्वावर वाढली, तें तत्त्व ह्या क्षेत्रालाहि लागूं पडतें. यंत्र विकत घेऊन देणारी शाळा मुलांना एक सोय करून देते. पण तेंच यंत्र उघडून, आपल्या घरच्या उसाचा अगर दुधाचा हिशेब त्यांच्याकडून ओळीओळीनें लिहून घेणारी शाळा त्यांना उद्यांचे जाणते सभासद करील. भाषा कोणतीहि असो. आठवड्याचा एक तास आणि चार वाक्यें एवढ्यावर आरंभ करतां येईल, आणि तो आपल्या शिक्षकांनीं करावा अशी माझी त्यांना विनंति आहे.